पाठ्यपुस्तकातला एकेरी बाण

चेतापेशींचा पाठ शिकवताना आपण फळ्यावर जी आकृती काढतो, ती बहुतेक शिक्षकांना डोळे मिटूनही काढता येईल. डावीकडे एका पेशीचे फुगीर टोक, त्यात लहान लहान गोल पुटिका. मध्ये अरुंद फट. उजवीकडे दुसऱ्या पेशीचे पटल आणि त्यावर बसलेले ग्राही. शेवटी डावीकडून उजवीकडे जाणारा एक ठसठशीत बाण. या लेखाचे भांडण त्या बाणाशी आहे.

एनसीईआरटीचे दहावीचे विज्ञानाचे पुस्तक २००६ मध्ये निघाले. त्यात सांगितले आहे ते थोडक्यात असे: विजेचा आवेग अक्षतंतूच्या टोकाशी पोहोचला की तेथून काही रसायने बाहेर पडतात, ती फट ओलांडतात आणि पुढच्या चेतापेशीत तसाच आवेग सुरू करतात. त्याच वर्षीचे अकरावीचे जीवशास्त्राचे पुस्तक थोडे पुढे जाते. पुढच्या पेशीच्या पटलावर ग्राही असतात, आणि येणारा निरोप पेशीला चेतवणारा किंवा दाबणाराही असू शकतो, हे ते नोंदवते. राज्य मंडळाच्या पुस्तकांतली मांडणीही याच वळणाची आहे. दादरच्या शिकवणी वर्गांत 'नीट'ची तयारी करणारी मुले अकरावीच्या त्या ओळी शब्दशः पाठ करतात. तेव्हा त्या ओळींत काय आहे आणि काय नाही, हे पाहणे अगदीच निरुपयोगी ठरू नये.

दहावीच्या पुस्तकातले 'तसाच आवेग' हे शब्द सरळ सरळ अपुरे आहेत, आणि अकरावीचे पुस्तकच त्यांना दुरुस्त करते. बाकीच्या वाक्यांत खोटे असे काही नाही. दोष आहे तो वगळलेल्या भागात. ग्राही फक्त पुढच्या पेशीवर असतात, अशीच समजूत दोन्ही पुस्तके वाचून होते. प्रत्यक्षात रसायन सोडणाऱ्या पेशीच्या स्वतःच्या अंगावरही त्याच रसायनाचे ग्राही असतात. आपण किती सोडले हे ती पेशी चाचपते आणि त्यानुसार हात आवरते किंवा सैल सोडते. आकृतीत हे दाखवायला परत वळणारा एक छोटा बाण पुरला असता. तो नाही, म्हणून विद्यार्थ्यांच्या मनात चेतापेशी म्हणजे एक नळी उरते. इकडून ओतले की तिकडे पडते.

एका बाणासाठी एवढा आग्रह कशाला, असे कोणी विचारील. सेरोटोनिनचे उदाहरण घेतले की उत्तर मिळते.

सेरोटोनिन बनवणाऱ्या चेतापेशी मेंदूत फार थोड्या आहेत. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी, त्यांत या जेमतेम काही लाख. त्यांची वस्ती मेंदूच्या देठात, अगदी मध्यरेषेवर. या केंद्रांना 'रॅफे' म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ शिवण. दोन अर्धे जेथे टाचले जातात ती जागा. या मूठभर पेशींचे तंतू मात्र मेंदूच्या जवळजवळ प्रत्येक भागात पोहोचतात. शिवाय त्यांतले पुष्कळसे फुगवटे आकृतीतल्यासारखे दुसऱ्या पेशीला नेमके भिडलेलेही नसतात. ते आसपासच्या द्रवात सेरोटोनिन सोडतात आणि ते पसरत जाते. एका खोलीत लावलेली उदबत्ती चाळीच्या सगळ्या गॅलरीत दरवळावी, तसे. म्हणजे आपली आकृती इथे दुसऱ्यांदा तोकडी पडते.

या पेशींची चाल संथ आणि घड्याळासारखी आहे. जागेपणी सेकंदाला एक ते पाच आवेग. मांजरांवरच्या प्रयोगांत दिसले की झोप लागली की हा वेग मंदावतो आणि स्वप्नांच्या झोपेत जवळजवळ थांबतो. हा ताल बिघडू न देण्यात परतीच्या बाणाचा मोठा वाटा असतो. पेशीच्या मुख्य भागावर आणि वृक्षिकांवर '१ए' नावाचे ग्राही असतात. आसपास सेरोटोनिन साचले की ते या ग्राहींवर बसते. त्यामुळे पटलातली पोटॅशियमची दारे उघडतात, धनभारित पोटॅशियम आयन बाहेर जातात, पेशीचा आतला भाग आणखी ऋण होतो आणि पुढचा आवेग सुटायला उशीर लागतो. तंतूंच्या टोकांवर '१बी' नावाचे दुसरे ग्राही असतात. ते कॅल्शियमला आत येऊ देत नाहीत. कॅल्शियम आत आल्याशिवाय पुटिका रिकाम्या होत नाहीत, म्हणून आवेग पोहोचला तरी स्राव कमी होतो. एक लगाम मुळाशी, दुसरा शेंड्याशी. याशिवाय सोडलेले सेरोटोनिन परत आत ओढून घेणारा एक पंप असतो. त्याचे काम पुनर्ग्रहण. सेरोटोनिनचे ग्राही एकूण सात घराण्यांचे, चौदा प्रकारांचे. त्यांतले हे दोनच आपल्याला इथे लागतील.

आता सेरोटोनिनची मराठीत जी ओळख होते तिच्याकडे पाहू. वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांनी त्याला 'आनंदाचे रसायन' करून टाकले आहे. ते कमी झाले की माणूस खिन्न, वाढले की खूश. म्हणून केळी खा. केळ्यात सेरोटोनिन असते, हे खरे. पण ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. मेंदूला स्वतःचे सेरोटोनिन स्वतःच ट्रिप्टोफॅनपासून बनवावे लागते. शरीरातले सुमारे नव्वद टक्के सेरोटोनिन तर आतड्यात असते, आणि तिथे त्याचा संबंध आनंदापेक्षा आतड्याच्या हालचालींशी अधिक. केळे खावे, ते चांगले असते. कारण मात्र दुसरे शोधावे.

ही 'कमी म्हणजे खिन्न' कल्पना आली कुठून? तिचा एक धागा परळमधून जातो. परळच्या केईएम रुग्णालयाशी निगडित असलेले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधेच्या मुळीचा उच्च रक्तदाबावर होणारा परिणाम प्रसिद्ध केला. सर्पगंधा आपल्याकडे वैद्यांना जुनीच माहीत. १९३१ मध्ये कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा रक्तदाब आणि वेड या दोन्हींवरचा उपयोग लिहून ठेवला होता. त्याच सुमारास सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी मुळीतून अजमलीनसारखी अल्कलॉइडे वेगळी काढली होती. पण पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष गेले ते वकिलांच्या लेखामुळे. १९५२ मध्ये बाझेलच्या सिबा कंपनीत मुळीतले प्रभावी द्रव्य, रेसर्पिन, वेगळे केले गेले. १९५७ च्या लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत वकीलही होते.

वकिलांवरचे मराठी लेख सहसा इथे संपतात. अभिमानाची जागा आली की लेखणी खाली ठेवायची, ही आपली सवय. विज्ञानाच्या शिक्षकाने मात्र इथून पुढे वाचावे, कारण खरी गंमत पुढे आहे.

१९५५ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत प्लेचर, शोर आणि ब्रॉडी यांनी दाखवले की रेसर्पिन दिलेल्या प्राण्यांच्या मेंदूतले सेरोटोनिन झपाट्याने घटते. मेंदूत सेरोटोनिन असते हेच मुळी बेटी ट्वारॉग आणि अर्व्हाइन पेज यांनी १९५३ मध्ये दाखवले होते. तेव्हा ही बातमी किती ताजी होती याची कल्पना यावी. आज कारणही माहीत आहे. पुटिकांमध्ये सेरोटोनिन भरणारा जो पंप असतो तो रेसर्पिन अडवते. न भरलेले सेरोटोनिन पेशीतच उघडे पडते आणि विकरे ते मोडून टाकतात. इकडे रक्तदाबासाठी रेसर्पिन घेणारे काही रुग्ण उदास झाल्याच्या नोंदी डॉक्टरांकडून येऊ लागल्या. दोन गोष्टी शेजारी आल्या आणि बेरीज झाली: सेरोटोनिन घटले, म्हणून मन खचले.

बेरीज घाईची होती. रेसर्पिन एकटे सेरोटोनिन रिकामे करत नाही. नॉरॲड्रेनलिन आणि डोपामिन हेही त्याच पंपाने भरले जातात आणि तेही संपतात. मग खिन्नतेचा दोष तिघांपैकी कोणाला द्यायचा? त्याहून अडचणीचे म्हणजे त्याच १९५५ साली लंडनमध्ये डेव्हिस आणि शेफर्ड यांनी चिंताग्रस्त आणि खिन्न रुग्णांना रेसर्पिन दिले, तर त्यांना बरे वाटले. 'लॅन्सेट'मध्ये छापलेला हा निष्कर्ष पुढची कित्येक वर्षे कोणाला फारसा आठवला नाही. जुन्या नोंदी नंतर पुन्हा तपासल्या गेल्या तेव्हा त्यांतल्या अनेक 'खिन्न' रुग्णांना नुसती सुस्ती आली असावी, असा निष्कर्ष निघाला. ज्या औषधाने सिद्धान्ताला जन्म दिला त्याचा पुरावा इतका ठिसूळ होता. तरी सिद्धान्त टिकला, याचे एक कारण मला त्या आकृतीत दिसते. नळी डोक्यात पक्की बसलेली असली की 'कमी पडले, आणखी ओता' हे आपोआप पटते.

नळीऐवजी इमारतीच्या गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकीत बॉलकॉक असतो. पाणी चढले की गोळा वर येतो आणि नळ आवळला जातो. पाणी उतरले की नळ सुटतो. आता कोणी टाकीची बाहेर जाणारी तोटी अर्धी बंद केली तर काय होईल? पातळी थोडी चढेल, पण त्याच वेळी आत येणारी धारही बारीक होईल. टाकी ओसंडून वाहणार नाही.

फ्लुओक्सेटिन आणि त्याच्या कुळातली औषधे हेच करतात. अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला १९८७ मध्ये परवानगी मिळाली. ही औषधे पुनर्ग्रहणाचा पंप अडवतात, आणि पहिल्या गोळीनंतर काही तासांतच अडवतात. नळीच्या हिशेबाने त्याच संध्याकाळी माणूस हसायला हवा. तसे होत नाही. ठळक फरक पडायला सहसा दोन ते सहा आठवडे लागतात. काहींना पहिल्या पंधरवड्यात थोडा फरक जाणवतो. पंप अडला की रॅफेमधल्या पेशींभोवतीच सेरोटोनिन साचते, ते तिथल्या १ए ग्राहींवर बसते आणि पेशी स्वतःचा वेग कमी करते. दूरच्या भागांत अपेक्षेइतकी वाढ होत नाही. औषध रोज चालू राहिले की दोन-तीन आठवड्यांत हे ग्राही बोथट होतात आणि पेशी पुन्हा पूर्वीच्या वेगाने आवेग सोडू लागते. पंप अडलेलाच असतो. आता कुठे दूरची पातळी नीट वाढते. कॅनडातले पियर ब्लिए आणि क्लोद द मोंतिन्यी यांनी १९८० च्या दशकात उंदरांच्या मेंदूतल्या एकेका पेशीचे आवेग मोजून हे दाखवले.

बॉलकॉकची उपमा इथे संपते, हेही वर्गात सांगितले पाहिजे. गच्चीवरचा गोळा पाणी चढलेले राहिले म्हणून तीन आठवड्यांनी आपला स्वभाव बदलत नाही. पेशी बदलते.

आता एका बाणाची किंमत कळेल. परळ-लालबागच्या चाळींत शिक्षकाला अजूनही घरच्या माणसासारखे विचारले जाते. 'सर, हिच्या डोक्याच्या गोळ्या चालू केल्यात. दहा दिवस झाले, काही फरक नाही. बंद करू का?' डॉक्टरांना विचारायला लोक बिचकतात. सरांना, बाईंना विचारतात. नळीचे चित्र डोक्यात असलेला शिक्षक म्हणेल, लागू पडत नसेल. परतीचा बाण माहीत असलेला शिक्षक म्हणेल, दहा दिवस हा फार थोडा काळ आहे, आपल्या मनाने बंद करू नका, पुन्हा डॉक्टरांकडे जा. पहिल्या आठवड्यांत अस्वस्थता वाढली किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार बोलण्यात आले तर त्याच दिवशी जा, असेही तो बजावील. रुग्ण कोवळ्या वयाचा असला तर विशेष. औषध ठरवणे हे शिक्षकाचे काम नाहीच. पण थांबायला सांगणे आणि परत पाठवणे, एवढे त्याच्या हातात असते.

२०२२ मध्ये उलट दिशेची घाई झाली. जोआना मॉन्क्रीफ आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला आणि सेरोटोनिन कमी झाल्यामुळे खिन्नता येते याला सातत्यपूर्ण पुरावा नाही, असे म्हटले. अनेक वर्षे अभ्यासकांत कुजबुजले जाणारे मोठ्याने बोलले गेले, एवढ्यापुरते ते योग्यच झाले. पण वर्तमानपत्रांनी त्याचा अर्थ 'गोळ्या निरुपयोगी' असा लावला. त्या आढाव्याने गोळ्यांचा उपयोग तपासलाच नव्हता. औषध कसे काम करते याचे एक स्पष्टीकरण चुकले म्हणून औषध काम करत नाही असे ठरत नाही. वकिलांनी सर्पगंधा दिली तेव्हा रेसर्पिन हे नावही जन्माला आले नव्हते, आणि रक्तदाब तरीही उतरत होता.

टीका करायची तर परतीच्या बाणावरही करावी, कारण तोही फार सुबक आहे आणि सुबक गोष्टींपासून सावध असावे. १९९४ मध्ये स्पेनमधल्या फ्रान्सेस्क आर्तिगास यांच्या गटाला एक युक्ती सुचली. लगामामुळेच उशीर होत असेल, तर लगामच धरून ठेवू. पिंडोलोल हे रक्तदाबाचे औषध (पुन्हा रक्तदाबच!) १ए ग्राहींनाही अडवते. ते जोडीला दिले तर गुण लवकर यायला हवा. सुरुवातीचे निकाल उत्साह वाढवणारे होते. नंतरचे काही अनुकूल, काही प्रतिकूल. पिंडोलोलची दिलेली मात्रा त्या ग्राहींना पुरेशी अडवत नसावी, असे एक उत्तर दिले जाते. दुसरे उत्तर असे की ग्राही बोथट होणे हा विलंबाचा एकच भाग आहे. त्या आठवड्यांत पेशींच्या आत आणखी बरेच काही बदलत असते.

त्या 'आणखी बरेच काही'चा एक भाग मुंबईतच तपासला जातो, कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. येल विद्यापीठात रोनाल्ड डुमन यांच्याकडे संशोधन केलेल्या विदिता वैद्य तिथे सेरोटोनिनवर काम करतात. त्यांनी आणि उल्लास कोल्थूर-सीताराम यांनी सहकाऱ्यांसह २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात उंदीरवर्गीय प्राण्यांच्या मेंदूच्या बाह्यकातल्या चेतापेशींवरचे प्रयोग आहेत. सेरोटोनिन २ए ग्राहींवर बसले की त्या पेशींत नव्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, तयार होतात, ऊर्जानिर्मिती वाढते आणि पेशी ताण अधिक सोसते, असे त्यांना आढळले. इथे सेरोटोनिन निरोप्याच्या पलीकडचे काम करते. ते पेशीचे वीजघर वाढवते. 'आनंदाचे रसायन' म्हणणाऱ्यांनी हा निबंध कुठे ठेवायचा ते ठरवावे.

टीका बरीच झाली. वर्गात काय करता येईल ते सांगतो. साहित्य: एक वाटी, मूठभर चिंचोके, दोन मुले. पहिला 'पेशी', दुसरी 'पंप'. टाळी वाजली की पेशी आधी वाटीतले चिंचोके मोजतो: चार किंवा कमी असतील तर चार टाकतो, जास्त असतील तर दोनच. मग पंप वाटीतले निम्मे काढून घेते. अपूर्णांक आला तर सोडून द्यायचा. रिकाम्या वाटीपासून सुरू केले तर प्रत्येक फेरीअखेर वाटीत २, ३, ४ आणि पुढे चारच चिंचोके राहतात. आता पंपाला 'गोळी' द्या: तिने निम्म्याऐवजी पाव भागच काढायचा. वाटी सहावर जाते आणि तिथेच थांबते, कारण पेशीने चाराऐवजी दोन टाकायला सुरुवात केलेली असते. मुलांना विचारा, स्राव वाढला की घटला? वाटीत जास्त दिसतात म्हणून बरीच मुले 'वाढला' म्हणतील. थोडा वाद होऊ द्यावा. मग पेशीचा ग्राही बोथट करा: आता बारापर्यंत चारच टाकायचे. वाटी ८, ९, १०, ११ अशी चढत बारावर स्थिरावते. पंप तोच, गोळी तीच, चिंचोके तेच. बदलली ती पेशीची स्वतःकडे पाहण्याची रीत.

एखादी चौकस मुलगी विचारील, की चार-दोनचा नियम पेशीला कोणी शिकवला, आणि तो सगळ्या मुलांच्या डोक्यात सारखाच असतो का. सारखा नसतो. १ए ग्राहींची संख्या माणसामाणसांत वेगळी असते. नियम बदलून खेळ पुन्हा खेळायला तिलाच सांगावे.